दुकान केवढे नव्हे, दुकान कोठे!

शहराच्या वेशीबाहेर, हमरस्त्याला लागून, ज्या जमिनीत काल-परवापर्यंत जोंधळा डोलत होता तेथे आज मुरूम पडतो आहे. उद्या तेथे पत्र्याचे उंच छप्पर चढेल आणि परवा दिव्यांच्या झगमगाटात एक विस्तीर्ण दुकान उघडेल. मीठ-मिरचीपासून शालूपर्यंत आणि चपलेपासून शीतकपाटापर्यंत सारे काही एकाच छपराखाली, आणि बाहेर शेकडो मोटारी उभ्या राहतील एवढे पटांगण! हे दृश्य आता कोणत्याही मध्यम शहराला नवे राहिलेले नाही. आणि जेथे जेथे असा मुरूम पडू लागतो, तेथे तेथे शहराच्या जुन्या पेठांतून चिंतेची कुजबुज सुरू होते. खडे बाजार, गणपत गल्ली, रविवार पेठ ही नावे ज्यांच्या लहानपणापासून जिभेवर आहेत त्या आमच्या वाचकांस या कुजबुजीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

या चिंतेतून दोन आरोळ्या उठतात. एक आमच्या व्यापारी बंधूंची : मोठ्या दुकानांना बंदी करा. दुसरी सुधारणेचा टिळा लावून फिरणाऱ्यांची : बाजार मोकळा सोडा, ज्याच्यात दम असेल तो टिकेल. आम्हांस या दोन्ही आरोळ्या मान्य नाहीत. पहिलीत दूरदृष्टी नाही आणि दुसरीत प्रामाणिकपणा नाही. दुकान केवढे असावे आणि कोणी काढावे हा कायद्याचा प्रश्नच नव्हे. ते कोठे असावे आणि त्याचा भार शहरावर किती पडावा, एवढाच कायद्याचा प्रश्न होय. हा भेद ज्या देशांनी ओळखला नाही त्यांच्या पेठा एक तर उघड्यावर मेल्या, नाही तर कायद्याच्या पांघरुणाखाली गुदमरल्या. हे आमचे म्हणणे आम्ही अनुभवाच्या आधाराने मांडणार आहोत. आणि हा अनुभव आम्हांस फुकट मिळतो आहे, कारण त्याची किंमत इतरांनी आधीच मोजलेली आहे.

प्रथम ‘मोकळ्या बाजारा’चे ढोंग दूर करू. मोठे दुकान भांडवलाच्या बळावर उभे राहते असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ते प्रथम एका सहीच्या बळावर उभे राहते. शेतीची जमीन बिनशेती करणारी सही, निवासी वा हरित पट्ट्यातील जमीन व्यापारी ठरविणारी सही, हमरस्त्याला तोंड देणारी सही : या सह्या झाल्या नाहीत तर जगातील सर्वांत श्रीमंत कंपनीलाही तेथे एक वीट रचता येत नाही. त्या झाल्या की त्याच जमिनीचा भाव रातोरात अनेक पटींनी चढतो. जिने पिढ्यान् पिढ्या ती जमीन कसली त्या कुळाच्या पदरात या चढीतले क्वचितच काही पडते. पुढे रस्ता रुंद करायचा, गटारे वळवायची, दिवे लावायचे, वाहतुकीचा पोलीस उभा करायचा, हा खर्च मात्र सर्व करदात्यांचा. त्यात पेठेतील ज्या दुकानदाराचे गिऱ्हाईक तिकडे गेले तोही आला. यास मोकळा बाजार म्हणावयाचे काय? हा तर सरकारी शाईने आखलेला बाजार. तेव्हा कायदा असावा की नसावा हा वाद व्यर्थ आहे. कायदा आहेच, तो कोणाच्या बाजूने झुकला आहे एवढेच पाहावयाचे.

कायद्याने बाजूला उभे राहावयाचे ठरविले म्हणजे काय होते हे पाहावयाचे असेल तर इंग्लंडमधील डडली या गावाकडे पाहावे. बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला कोळसा आणि लोखंड यांवर पोसलेले हे जुने बाजारगाव. १९८२ साली तेथील राउंड ओक हा पोलाद कारखाना बंद पडला. अशा बुडत्या भागांत नवे उद्योग यावेत म्हणून मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने काही सवलत-क्षेत्रे आखली होती. तेथे दहा वर्षे स्थानिक कर माफ आणि बांधकामाच्या परवानगीचे नियम शिथिल. हेतू उद्योग आणण्याचा. आले काय, तर दुकान! त्याच परिसरात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात टप्प्याटप्प्याने ‘मेरी हिल’ नावाचे प्रचंड विक्रीसंकुल उभे राहिले. डडलीच्या जुन्या रस्त्यावरील नामांकित दुकानांनी आपापली गाठोडी बांधली आणि काही मैलांवरच्या त्या संकुलात बिऱ्हाड केले. मोठे दुकान उठले की त्याच्या सावलीत जगणारे शिंपी, चांभार, चहावाले आणि फळवाले यांचे गिऱ्हाईकही उठते. डडलीची जी अवकळा झाली तिचा दाखला इंग्लंडचे नगररचनाकार पुढे कित्येक वर्षे देत राहिले. येथे लक्षात घेण्याजोगे हे की, डडलीचा दुकानदार स्पर्धेत हरला नाही. तो कर भरीत होता, प्रतिस्पर्धी भरीत नव्हता. त्याला नियम होते, प्रतिस्पर्ध्याला नव्हते. एकाचे पाय बांधून लावलेल्या शर्यतीला स्पर्धा हे नाव देणे हा भाषेचा अपमान आहे.

इंग्लंड शहाणे झाले, पण उशिरा. १९९३ साली आणि नंतर अधिक कडकपणे १९९६ साली सरकारने धोरण बदलले आणि क्रमाची कसोटी घालून दिली. मोठे दुकान काढावयाचे आहे काय? अवश्य काढा. परंतु प्रथम शहराच्या मध्यभागी जागा शोधा. तेथे खरोखरीच नसेल तर मध्यभागाच्या कडेला पाहा. तेथेही नसेल तरच वेशीबाहेर जा, आणि तीही जागा अशी असावी की जेथे बसने जाता येईल. २०१२ च्या राष्ट्रीय धोरण-आराखड्यातही ही कसोटी कायम राहिली. शिवाय सुमारे २,५०० चौरस मीटरहून, म्हणजे २७ हजार चौरस फुटांहून मोठे दुकान मध्यभागाबाहेर काढावयाचे असेल, आणि स्थानिक नियमाने निराळी मर्यादा घातलेली नसेल, तर त्याचा शहराच्या मध्यभागावर काय परिणाम होईल याचा हिशेब अर्जासोबत मागितला जाऊ लागला. या नियमात कोठेही अमक्या दुकानदाराचे नुकसान होईल म्हणून तमक्याला बंदी असे म्हटलेले नाही. प्रश्न विचारला जातो तो शहराचा. आम्ही ज्या भेदाविषयी बोलतो तो हाच.

आता दुसऱ्या आरोळीकडे, म्हणजे आमच्या स्वतःच्या बंधूंकडे वळू. त्यांस कटू वाटेल, पण सांगणे आमचे कर्तव्य आहे. मोठ्या दुकानाच्या दाराची किल्ली लहान दुकानदाराच्या हाती देणारा कायदा जगात होऊन गेला आहे आणि त्याचे काय झाले तेही जगाने पाहिले आहे. जपानने १९७३ साली मोठ्या दुकानांचा कायदा केला आणि तो १९७४ पासून अमलात आला. सामान्यतः १,५०० चौरस मीटरहून आणि महानगरांत ३,००० चौरस मीटरहून मोठ्या दुकानाला उघडण्यापूर्वी सरकारला कळवावे लागे. मग दुकान केव्हा उघडावयाचे, जागा किती वापरावयाची, रात्री किती वाजता बंद करावयाचे आणि वर्षातून किती दिवस सुटी द्यावयाची, या चार गोष्टींत काटछाट होई. १९७९ पासून हा फास ५०० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साध्या मोठ्या किराणा दुकानापर्यंत आवळण्यात आला. कागदावर निर्णय सरकारचा; प्रत्यक्षात गावातील व्यापाऱ्यांची संमती मिळाल्यावाचून अर्जच पुढे सरकत नसे. संमतीसाठी बैठका, बैठकांसाठी मनधरणी. सात-सात, आठ-आठ वर्षे एकेका दुकानाचे घोंगडे भिजत पडे.

मग जपानचा लहान दुकानदार तरला काय? मुळीच नाही. जपानमधील किरकोळ दुकानांची संख्या १९८२ साली सुमारे १७ लाख २० हजारांपर्यंत चढली आणि तेव्हापासून उतरणीस लागली, आणि हे त्या कायद्याचा अंमल पूर्ण भरात असताना! कारण उघड आहे. दुकानदाराच्या मुलांना दुकान नको होते, गिऱ्हाईक मोटारीत बसले होते, आणि मोठे भांडवल दुसऱ्या दाराने आत आले होते. ज्या १९७४ साली तो कायदा अमलात आला त्याच साली एका मोठ्या दुकान-कंपनीने टोकियोतील टोयोसू येथे आपल्या साखळीतले पहिले चिमुकले दुकान उघडले. कायद्याच्या मोजपट्टीत न सापडणारी तसली हजारो दुकाने पुढे गल्लोगल्ली झाली. दरवाजा रोखून धरणाऱ्याच्या घरात चोर खिडकीतून शिरावा तसाच हा प्रकार. आकारावर बंदी घातली की भांडवल आकार बदलते. त्याला त्याचे काहीच वाटत नाही.

आणि शेवट? अमेरिकेला आपली दुकाने जपानात घालावयाची होती. १९८९-९० च्या वाटाघाटींत तिने या कायद्यावर नेमके बोट ठेवले, आणि ते ठेवणे सोपे गेले, कारण तो कायदा उघडउघड प्रतिस्पर्ध्याला अडविण्यासाठी होता. नियम ढिले झाले. जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश स्वतः नारा प्रांतातील काशिहारा येथे एका अमेरिकन खेळण्यांच्या दुकानात समारंभपूर्वक जाऊन आले. २००० साली तो कायदा रद्द होऊन त्याच्या जागी नवा आला. तो वाहनतळ, गोंगाट आणि कचरा यांविषयी विचारतो, परंतु गावात आधीच पुष्कळ दुकाने आहेत या सबबीवर नव्याला अडवू देत नाही. इतकी वर्षे जमिनीच्या वापराकडे दुर्लक्ष करून सारी मदार व्यापाऱ्यांच्या संमतीवर ठेवल्यामुळे, ती तटबंदी कोसळताच शेतांतून संकुले उगवली आणि गावोगावच्या बाजारपेठांत पत्र्याची दारे खाली आली. त्या ओसाड पेठांना जपानी भाषेत ‘शटर-गल्ली’ असा शब्दच रूढ झाला. अखेर २००६ साली नगररचनेचा कायदा बदलून, १०,००० चौरस मीटरहून मोठी दुकाने मुख्यतः व्यापारी आणि तत्सम मोजक्या विभागांतच व्हावीत असे ठरविण्यात आले. म्हणजे ‘कोठे’ हा प्रश्न विचारावयास जपानला बत्तीस वर्षे लागली! तोच प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता तर?

फ्रान्सची कथा याहून निराळी नाही, फक्त तिच्यात पैशाचा वास अधिक आहे. १९६३ साली पॅरिसजवळ सेंत-जेनेव्हिएव्ह-दे-ब्वा येथे त्या देशातील पहिले अतिविशाल दुकान उघडले. दहा वर्षांतच लहान दुकानदारांचा संताप एवढा भडकला की तूर शहराचे महापौर आणि तत्कालीन व्यापारमंत्री ज्याँ रवाये यांनी डिसेंबर १९७३ मध्ये कायदा करवून घेतला. लहान गावांत १,००० आणि मोठ्या शहरांत १,५०० चौरस मीटरहून मोठे दुकान काढावयाचे तर जिल्ह्याच्या समितीची परवानगी हवी, आणि त्या समितीत कोण, तर लोकप्रतिनिधी आणि स्वतः व्यापारी! परवानगी देणारे हात आणि ती विकत घेण्याची ऐपत असणारे खिसे असे समोरासमोर बसविल्यावर काय होणार? परवान्यांच्या मोबदल्यात राजकीय पक्षांच्या तिजोऱ्या भरल्या जात असल्याचा बोभाटा झाला, आणि १९९३ साली भ्रष्टाचार-प्रतिबंधक कायदा करताना याच समित्यांची रचना बदलावी लागली. १९९६ साली मर्यादा ३०० चौरस मीटरवर आणली गेली. २००८ साली ती पुन्हा १,००० वर गेली. एवढ्या उठाठेवीनंतर फ्रान्सच्या गावांच्या वेशी संकुलांवाचून राहिल्या काय? उलट, ज्या कंपन्यांनी आधीच जागा अडविल्या होत्या त्यांना नवा प्रतिस्पर्धी येण्याची भीती उरली नाही. मारियान बर्त्रां आणि फ्रान्सिस क्रामार्झ या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवून दिले की, जेथे या समित्या अधिक आडमुठ्या होत्या तेथे किरकोळ व्यापारातील रोजगार कमी वाढला. लहानांच्या नावाने केलेला कायदा अखेर सर्वांत मोठ्यांचा कोट झाला.

येथे प्रतिपक्षाचे एक म्हणणे आम्ही खुल्या मनाने मान्य करतो. मोठ्या दुकानात पुष्कळ जिन्नस स्वस्त मिळतात आणि महिनाअखेरीस चार पैसे वाचणे ही गरीब घरात क्षुल्लक गोष्ट नव्हे. जागेचे बंधन घातले की त्याचाही काही भार गिऱ्हाइकावर पडतो. इंग्लंडमधील क्रमाच्या कसोटीमुळे तेथील एका साखळीच्या दुकानांची उत्पादकता घटली असे लंडनच्या अर्थशास्त्रज्ञांनी मांडले आहे. शिवाय मोठ्या कंपन्या जागेच्या नियमाचाही हत्यारासारखा उपयोग करतात. प्रतिस्पर्ध्याला मिळू नयेत म्हणून त्यांनी मोक्याच्या जमिनी अडवून ठेवल्या असल्याचे इंग्लंडच्या स्पर्धा आयोगाला २००८ साली आढळले, आणि २०१० साली त्याविरुद्ध आदेश काढावा लागला. तेव्हा जागेचा नियम म्हणजे परीस नव्हे. तथापि स्वस्ताईचा हिशेब पुरा करावयास हवा. वेशीबाहेर जाण्यासाठी वाहन हवे, महिन्याचा माल एकदम भरण्यासाठी हातात रोकड हवी. रोजच्या मजुरीवर रोजचे तेल-मीठ घेणारी बाई, काठी टेकीत कोपऱ्यावर जाणारे आजोबा आणि पगार होईतो वहीत नाव मांडून घेणारा कारकून यांना त्या पटांगणातील स्वस्ताई काय कामाची? आणि कोपऱ्यावरचे दुकान बंद पडले म्हणजे त्यांची महागाई कोणत्या हिशेबात धरावयाची?

परदेशाच्या गोष्टी सांगून आम्ही येथील प्रश्न टाळतो असे कोणी म्हणू नये. नियोजनाचा कायदा आमच्याच देशात लहान दुकानदारावर कसा कोसळला हे दिल्लीने पाहिले आहे. दिल्लीच्या १९६२ च्या बृहत् आराखड्याने निवास एकीकडे आणि व्यापार दुसरीकडे अशी नेटकी मांडणी केली. परंतु योजलेल्या व्यापारी केंद्रांपैकी पुष्कळशी वेळेवर झालीच नाहीत. वस्ती वाढत गेली, तिला भाजी, औषध, कापड हवेच होते. साहजिकच घरांच्या तळमजल्यावर दुकाने निघाली. चाळीस वर्षे सरकारने डोळे मिटले आणि मधल्या मधल्या हातांनी मुठी उघडल्या. मग १६ फेब्रुवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि निवासी भागांतील दुकानांना टाळी लागू लागली. मोर्चे निघाले, हरताळ झाले, सप्टेंबरात सीलमपूर भागात गोळीबार होऊन माणसे दगावली. शेवटी दोन हजारांहून अधिक रस्त्यांवर मिश्र वापराला मान्यता देऊन आणि फेब्रुवारी २००७ मध्ये नवा आराखडा लागू करून सरकारने कशीबशी सुटका करून घेतली. तरीही २०१७ च्या अखेरीस टाळी लावण्याची मोहीम पुन्हा सुरू झालीच. त्याच वर्षांत त्याच दिल्लीत भव्य विक्रीसंकुले उभी राहत होती, रीतसर परवानगीने! कारण वकील, वास्तुशिल्पी आणि दहा वर्षे वाट पाहण्याची ऐपत ज्याच्यापाशी आहे त्याला नियम पाळणे परवडते. बारा फूट दर्शनी रुंदीच्या दुकानदाराला ते परवडत नाही.

आणि नियम तरी कसे? इतक्या चौरस फुटांमागे एका मोटारीला जागा सोडा, समोर इतके अंतर, बाजूला इतके. वेशीबाहेरच्या पटांगणात हा नियम हसत हसत पाळता येतो. किंबहुना त्याच्यासाठीच तो शिवला आहे. परंतु शंभर वर्षांपूर्वी आजोबांनी बांधलेले पेठेतील दुकान पाडून नवे बांधू म्हणणाऱ्याने समोर अंतर सोडले, बाजूला अंतर सोडले आणि मोटार उभी केली की दुकानासाठी उरते काय? माल ठेवावयाचा तो मोटारीच्या टपावर काय? म्हणून तो एक तर लाच देऊन बांधतो, नाही तर बांधतच नाही आणि छप्पर गळत राहते. मग कोणी शहाणा येऊन म्हणतो, तुमच्या पेठा जुनाट झाल्या! पेठ जुनाट ठेवणारा नियम ज्याने केला त्याने हे म्हणावे, यासारखा दुसरा विनोद नाही.

२०१२ साली केंद्र सरकारने बहुविध मालाच्या किरकोळ व्यापारात ५१ टक्क्यांपर्यंत परकी भांडवलाला दार उघडले तेव्हा देशभर काहूर माजले. त्या गदारोळात एक अट कोणी फारशी वाचली नाही. अशी दुकाने सर्वसाधारणपणे दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत व त्यांच्या हद्दीभोवती दहा किलोमीटरपर्यंत निघावीत, आणि त्या त्या शहराच्या आराखड्यात ज्या जागा त्या वापरासाठी आहेत तेथेच निघावीत, असे ती अट सांगते. म्हणजे दिल्लीतील मंत्र्यांनीही शेवटी बोट दाखविले ते शहराच्या आराखड्याकडे! परंतु ही अट केवळ परक्या भांडवलाला. स्वदेशी प्रचंड कंपन्यांना वस्तीची मर्यादा नाही. त्यांच्यापुढे आमच्यासारख्या, २०११ च्या गणनेत पाच लाखांच्या आतबाहेर असलेल्या शहरांपाशी एकच कुंपण आहे, आणि ते म्हणजे आराखडा. ते कुंपण कोणी, कधी आणि कोणासाठी वाकविले हे पाहण्याची सवय आम्हां नागरिकांस लागलेली नाही. परवाना कोणाला मिळाला यावर आम्ही चर्चा करतो. जमिनीचा रंग नकाशावर केव्हा बदलला हे आम्हांस दुकान उघडल्यावर कळते.

यावर कोणी म्हणेल, आता दुकानेच भ्रमणध्वनीत शिरली आणि दहा मिनिटांत सामान दारी येऊ लागले. पेठ आणि पटांगण हा वाद शिळा झाला. हेही खरे नव्हे. ते सामान आकाशातून पडत नाही. ते वस्तीतील एखाद्या बंद गाळ्यातून येते. तेथे गिऱ्हाइकाला दार नाही, रात्रंदिवस मालाच्या गाड्या आणि दुचाक्या मात्र आहेत. हा गाळा दुकान की गुदाम? पॅरिसमध्ये हाच प्रश्न उभा राहिला, आणि मार्च २०२३ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो गुदाम आहे असे ठरवून शहराला तो नियंत्रित करण्याचा अधिकार मान्य केला. दुकान अदृश्य झाले तरी त्याला जमीन लागतेच. आणि जेथे जमीन आली तेथे ‘कोठे’ हा प्रश्न आला.

या प्रश्नाचे समंजस उत्तर कसे असते याचे एक लहानसे उदाहरण मुद्दाम देतो, कारण ते एका लहानशा गावाचे आहे. नेदरलँड्सच्या उत्तरेला आपिंगेडाम हे जुने गाव. त्याने वेशीबाहेरची एक जागा फर्निचर, बांधकामाचे सामान आणि बागकामाच्या वस्तू अशा अवजड मालासाठी राखून ठेवली. कपडे आणि पादत्राणे मात्र गावाच्या मध्यभागी. तेथील एका जमीनमालकाला आपली इमारत कपडे व पादत्राणांच्या दुकानाला द्यावयाची होती. तो भांडत भांडत युरोपच्या न्यायालयापर्यंत गेला. ३० जानेवारी २०१८ रोजी न्यायालयाने सांगितले की, गावाचा मध्यभाग जिवंत ठेवणे हे योग्य उद्दिष्ट असू शकते. मात्र नियम सर्वांना सारखा हवा, आवश्यक हवा आणि उद्दिष्टाच्या प्रमाणात हवा. पलंग खांद्यावर टाकून कोणी गल्लीतून नेत नाही, त्यासाठी वाहन लागते, म्हणून तो वेशीबाहेर. चपलेचा जोड हातात मावतो, म्हणून तो पेठेत. यात कोणाचा द्वेष नाही, कोणावर मेहेरबानी नाही. एवढी साधी गोष्ट आमच्या आराखड्यात का असू नये?

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. पहिली : वेशीबाहेर मोठ्या दुकानाला जमीन देण्यापूर्वी शहरात जागा नाही हे अर्जदाराने सिद्ध करावे, आणि रस्ता, पाणी, गटार व वाहतूक यांचा वाढीव खर्च त्याने उचलावा. दुसरी : जुन्या पेठांसाठी निराळे बांधकाम-नियम करावेत, ज्या रस्त्यावर मोटार वळत नाही तेथील दुकानदाराकडून मोटारीची जागा मागू नये, आणि सार्वजनिक वाहनतळ पालिकेने बांधावे. तिसरी : २०१४ च्या कायद्याने रस्त्यावरील विक्रेत्यांना जे संरक्षण दिले आणि ज्या समित्या सांगितल्या, त्या कागदावर न राहता आराखड्यात त्यांच्या जागा नकाशावर दिसाव्यात. चौथी : जमिनीचा वापर बदलण्याची प्रत्येक सूचना त्या जमिनीवर फलक लावून, मराठीत आणि कानडीत जाहीर व्हावी. १९६१ च्या नगररचना कायद्याने नागरिकाला हरकत घेण्याचा अधिकार दिला आहे. परंतु जी नोटीस वाचता येत नाही ती दिली गेली असे म्हणता येत नाही.

आणि आमच्या व्यापारी बंधूंस एक विनंती. प्रतिस्पर्ध्याला बंदी करा असे म्हणून दारोदार फिरू नका. ती मागणी आज मान्य झाली तरी उद्या विकली जाईल, आणि ती विकत घेण्याची ऐपत तुमच्यापेक्षा त्याची अधिक आहे. तुम्ही शहराच्या बाजूने उभे राहा. मग गिऱ्हाईक, हमाल, रिक्षावाला आणि माळीण हे सारे तुमच्या बाजूने उभे राहतील. वजनात खोट आणि भावात लूट करणाऱ्या दुकानदारासाठी कोणी नागरिक हरकतीच्या अर्जावर सही करणार नाही, हेही ध्यानात असू द्या.

पेठ ही काही दुकानांची रांग नव्हे. संध्याकाळी माणसे जेथे एकमेकांस भेटतात, उत्सवाची मिरवणूक जेथून निघते, अडल्यानडल्याला जेथे ओळखीवर माल मिळतो, ती जागा म्हणजे पेठ. ती एकदा उठली की कोणत्याही अनुदानाने पुन्हा बसत नाही. डडलीने प्रयत्न केला, जपानच्या गावांनी केला. आराखड्याचा मसुदा जेव्हा जेव्हा पालिकेच्या भिंतीवर लागेल तेव्हा तेव्हा तेथे जाऊन तो पाहा, आपल्या गल्लीचा आणि वेशीबाहेरच्या शेताचा रंग तपासा आणि मुदतीच्या आत हरकत नोंदवा. मुरूम पडल्यावर काढलेल्या मोर्चापेक्षा मुरूम पडण्यापूर्वी दिलेला एक अर्ज अधिक मोलाचा आहे.